ओटीपी आला काय जी, सर?

शनिवारची सकाळची शाळा. परिपाठ संपत आला होता, तेवढ्यात मुख्याध्यापकांच्या खिशातला फोन थरथरला. तालुक्याहून ऑपरेटर बोलत होता. "ओटीपी आला काय जी, सर? सांगून द्या न लवकर, साइट बंद पडून जाईन मंग." सरांनी चष्मा कपाळावर सारला आणि सहा आकडे खणखणीत वाचले. पहिल्या रांगेतल्या पोरांनी ते पाढ्यासारखे मागून म्हटले.

आम्ही हसलो. पण यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या केंद्रात हे रोजचंच आहे. यूडायस म्हणजे शाळांची सरकारी माहिती-नोंद, शालार्थ म्हणजे शिक्षकांच्या पगाराची, शिवाय पोषण आहार, शिष्यवृत्ती, प्रत्येकाचं वेगळं लॉगिन. गावात नेट धड चालत नाही, म्हणून माहिती कागदावर लिहून द्यायची, ती भरणारा तालुक्याला बसलेला आणि ओटीपी येतो इथे, सरांच्या फोनवर. वर्षानुवर्षं फोनवर आकडे सांगून सांगून आमची जीभ सैल झाली आहे. ठगाला दुसरं काय पाहिजे?

पासवर्ड ही तुमच्या डोक्यातली गोष्ट. ओटीपी हा तुमच्या हातातल्या वस्तूचा, म्हणजे सिम कार्डाचा पुरावा. पासवर्ड कोणी ओळखला तरी सिम त्याच्याकडे नाही, एवढ्यावर सगळी भिस्त. सहा आकड्यांचे १० लाख क्रमांक होतात. सर्व्हर त्यातला एक उचलतो, काही मिनिटांपुरताच चालू ठेवतो आणि थोड्या चुका झाल्या की दार लावून घेतो. तीनच प्रयत्न मिळाले तर १० लाखांत ३ एवढीच संधी. म्हणून चोर अंदाज बांधत बसत नाही, सरळ फोन करून विचारतो.

पासवर्डचं तर बोलूच नये. मी पाहिलेल्या कितीतरी शाळांचा पासवर्ड म्हणजे यूडायस क्रमांक, नाहीतर गावाचं नाव आणि पुढे १२३. यूडायस क्रमांक ११ आकडी असतो: पहिले दोन राज्याचे, आपले २७, मग जिल्हा, तालुका, गाव आणि शाळा. आमच्याकडे तो शाळेच्या भिंतीवर ऑइल पेंटने रंगवलेला आहे!

मागच्या लग्नसराईत आमच्या शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एका मॅडमच्या नंबरवरून पत्रिका आली. फाइलच्या नावात 'लग्नपत्रिका' आणि शेवटी टिंब देऊन 'एपीके'. त्या तीन अक्षरांकडे कोणाचंच लक्ष गेलं नाही. फोटो किंवा पीडीएफ ही नुसती माहिती असते, दुसरं ॲप ती उघडून दाखवतं. एपीके म्हणजे अँड्रॉइड ॲपचं गाठोडं. त्यात फोनने काय काय करायचं याच्या सूचना असतात आणि बसवल्यावर फोन त्या पाळतो. पत्रिका बसवावी लागत नाही, हे तेव्हा कोणाला सुचलं नाही.

फोन बिचारा दोनदा अडवतो. आधी विचारतो, अनोळखी ठिकाणाहून आलेलं ॲप घेऊ का? मग विचारतो, या ॲपला एसएमएस वाचू देऊ का? घाईत दोन्हीकडे हो म्हटलं की खेळ खलास. चोर दूर कुठेतरी बसून तुमच्या नंबरने लॉगिन करतो, ओटीपी तुमच्या फोनवर येतो आणि ते ॲप तो परस्पर त्याला पोचवतं. तुम्हाला कोणी फोन केला नाही, तुम्ही आकडा कोणाला सांगितला नाही, तरी पैसे गेले. बँकेचं ॲप आणि ओटीपी एकाच फोनवर, म्हणजे कुलपं दोन आणि किल्ल्या मात्र एकाच खिळ्याला.

व्हॉट्सअ‍ॅपचा नोंदणी क्रमांकही एसएमएसनेच येतो. मॅडमच्या फोनवरचा तोही असाच गेला, म्हणून पुढच्या पत्रिका मॅडमच्या नावाने सुटल्या आणि ओळखीच्या नावावर विश्वास ठेवून आणखी दोघांनी ते ॲप बसवलं. व्हॉट्सअ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये टू-स्टेप व्हेरिफिकेशन असतं. तिथला सहा आकडी पिन तुम्ही स्वतः ठरवता, तो एसएमएसने येत नाही. दोन मिनिटांचं काम आहे, मधल्या सुट्टीत होतं.

आता एक मजेची गोष्ट. मेळघाटातल्या शाळेवर माझा एक मित्र आहे. तिथे रेंज शाळेमागच्या टेकडीवर. ओटीपी बघून खाली उतरेपर्यंत त्याची मुदत संपलेली. शाळेच्या जीमेलसाठी त्याला ऑथेंटिकेटर ॲप लावून दिलं. हे ॲप दर ३० सेकंदांनी नवा सहा आकडी क्रमांक दाखवतं, तेही रेंज नसताना. त्याला वाटलं काहीतरी जादूटोणा आहे.

हिशेब पाचवीच्या भागाकाराचा आहे. पहिल्यांदा क्यूआर स्कॅन करताना एक गुप्त किल्ली फोनमध्ये आणि गूगलच्या सर्व्हरमध्ये अशी दोन्हीकडे जपली जाते. मग १ जानेवारी १९७० पासून आतापर्यंत झालेल्या सेकंदांना ३० ने भागतात, बाकी सोडून देतात. तो भागाकार आणि ती किल्ली गणिताच्या चक्कीत एकत्र दळायची आणि पिठातून सहा आकडे काढायचे. दोन्हीकडे धान्य तेच, चक्की तीच, म्हणून पीठही सारखंच पडतं. पिठातून गहू परत काढता येत नाही, तशी आकड्यांवरून किल्ली सापडत नाही. इंटरनेटच्या तांत्रिक रीती ज्या 'आरएफसी' नावाच्या खुल्या कागदपत्रांत मांडतात, त्यांत ही रीत २०११ मध्ये आरएफसी ६२३८ या क्रमांकाने प्रसिद्ध झाली. फक्त फोनचं घड्याळ बरोबर लागतं. ते मागेपुढे असेल तर क्रमांक चुकतात, म्हणून वेळ 'ऑटोमॅटिक'वर ठेवायची. फोन हरवला तर उपयोगी पडावेत म्हणून गूगल बॅकअप कोड देतं, ते कागदावर लिहून कपाटात ठेवावेत. हाही क्रमांक तुम्ही फोनवर वाचून दाखवला तर चोराला चालतो, हे मित्राला तीनदा सांगितलं.

सगळ्या सरकारी संकेतस्थळांवर ही सोय मिळेलच असं नाही. तिथे आम्ही जुनाच मार्ग धरला. शाळेसाठी वेगळं सिम घेतलं, ते बटणांच्या साध्या फोनमध्ये टाकलं आणि जमतील तेवढी लॉगिनं त्या नंबरला जोडली. अँड्रॉइडची एपीके त्यात चालतच नाही. मुख्याध्यापकांची बदली झाली तरी नंबर शाळेतच राहतो, हा वरचा फायदा.

इतकं करूनही कोणाच्या फोनमध्ये ते गाठोडं शिरलंच, तर आधी फोनचं नेट बंद करायचं. दुसऱ्याच्या फोनवरून बँकेला आणि १९३० ला कळवायचं. हा सायबर फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय क्रमांक. पैसे एका खात्यातून दुसऱ्यात पळत असतात, वाटेत गोठवता आले तर हाती लागतात. रिझर्व्ह बँकेच्या ६ जुलै २०१७ च्या परिपत्रकात म्हटलं आहे, की ग्राहकाच्या चुकीने पैसे गेले तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, कळवल्यानंतरचं बँकेचं. आमच्या मॅडम लाजेपायी दीड दिवस बोलल्या नाहीत. त्यांना बोल लावायचा नाही, पण तो दीड दिवस महागात पडला.

पालकांना शिष्यवृत्तीच्या नावाने फोन येतात, 'क्यूआर स्कॅन करा, पिन टाका, पैसे जमा होतील.' यूपीआयला पिन लागतो तो पैसे देताना, घेताना नाही. पालकसभेत आमच्या खिचडीवाल्या मावशींनी हे एका वाक्यात समजावलं, "पैसे घ्याले कोनी पिन मांगते काय?" माझं अर्ध्या तासाचं भाषण वाचलं.

आता बाजाराच्या दिवशी मीच तालुक्याला जातो, खिशात तो बटणांचा फोन घेऊन. ओटीपी आला की ऑपरेटरच्या खुर्चीशेजारी उभा राहून सहा आकडे स्वतः दाबतो. पहिल्या खेपेला तो जरा घुश्शात होता. आता न बोलता कीबोर्ड माझ्याकडे सरकवतो आणि तेवढ्यात चहा सांगून येतो.