सामाजिक संस्थांसाठी अनुदान व निधी (सोलापूर जिल्हा)

नफा वाटून न घेता समाजाचे काम करणाऱ्या नोंदणीकृत संस्था, ग्रंथालये, महिला मंडळे, बचत गट व त्यांचे संघ यांना ठरावीक कामासाठी, ठरावीक मुदतीत खर्च करून हिशेब देण्याच्या अटीवर मिळणारा पैसा. तो फेडायचा नसतो, म्हणून कर्जात मोडत नाही. आणि कामाची, खर्चाची व अहवालाची अट त्याला जोडलेली असते, म्हणून निव्वळ देणगीही नव्हे. सोलापूर जिल्ह्यात हा पैसा मुख्यतः चार वाटांनी येतो : केंद्र व राज्य शासनाच्या योजना, कंपन्यांचा सामाजिक उत्तरदायित्व निधी (सीएसआर), खासगी न्यास व प्रतिष्ठाने, आणि परदेशी निधी. या चौघांच्या मागे पाचवी वाट आहे, ती गावातल्या वर्गणीची. मोठे अनुदान मिळवून ते टिकवणाऱ्या बहुतेक संस्था आधी या पाचव्या वाटेवर उभ्या राहिलेल्या असतात.

संस्थांना पैसा देण्याची परंपरा या जिल्ह्यात जुनी आहे. पंढरपुरात प्रार्थना समाजाने १८७५ मध्ये अनाथ मुलांसाठी आश्रम सुरू केला. पुढे तो वा. बा. नवरंगे बालकाश्रम या नावाने ओळखला जाऊ लागला. सोलापूर शहरात गिरण्यांच्या भरभराटीच्या काळात व्यापारी घराण्यांनी शाळा, वाचनालये, वसतिगृहे यांना हात दिला. हिराचंद नेमचंद आणि वालचंद ही नावे शहरातल्या महाविद्यालयांच्या पाट्यांवर आजही आहेत. गिरण्या बंद पडल्या तशी देणाऱ्यांची ती फळी विरळ झाली. गरजू मात्र वाढले : यंत्रमागावरचे कामगार, घरी पाने व तंबाखू आणून विड्या वळणाऱ्या बायका, दुष्काळी गावांतून शहरात आलेली कुटुंबे. आजच्या संस्थांचे काम बहुतांशी याच लोकांमध्ये चालते.

कायद्याची बैठक

महाराष्ट्रात बहुतेक संस्था दुहेरी नोंदणी करतात : संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली संस्था म्हणून, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० खाली न्यास म्हणून. अशा संस्थांच्या न्यास क्रमांकाआधी ‘एफ’ हे अक्षर असते. कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खालीही ना-नफा कंपनी काढता येते, पण गावपातळीवरच्या मंडळाला तिचा खर्च व कागद परवडत नाहीत. गणेशोत्सवासारख्या कारणासाठी नोंदणी नसलेल्या मंडळाला वर्गणी गोळा करायची असेल, तर त्याच न्यास कायद्याच्या कलम ४१-क खाली धर्मादाय कार्यालयाची परवानगी घ्यावी लागते.

संस्था अडकते ती नोंदणीच्या वेळी नव्हे, नंतर. अध्यक्ष वारतात, सचिव नोकरीसाठी पुण्याला जातात, नवी कार्यकारिणी निवडली जाते, ठरावही होतो. पण बदल अर्ज दाखल होत नाही. बोलीत त्याला सगळे ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात. न्यास कायद्याच्या कलम २२ प्रमाणे तो बदल झाल्यापासून ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयाला द्यायचा असतो. तो राहिला की परिशिष्ट एकच्या, म्हणजे विश्वस्तांची नावे असलेल्या धर्मादाय नोंदीच्या, उताऱ्यावर जुनीच नावे राहतात. बँक नव्या सह्या मान्य करत नाही, आणि निधी देणारी कंपनी उतारा व ठराव शेजारी ठेवते तेव्हा नावे जुळत नाहीत. दोन-तीन कार्यकारिणी अशाच गेल्या असतील तर प्रत्येक बदलाचा अर्ज क्रमाने निकाली निघावा लागतो, उशीर माफीचा अर्ज जोडावा लागतो, कोणी हरकत घेतली तर सुनावण्या होतात. तोवर प्रस्तावाची मुदत टळून गेलेली असते. काम चांगले असूनही निधी हुकलेल्या संस्थांच्या मागे फार वेळा हे एवढेच कारण सापडते, आणि ते वेळीच टाळता येण्यासारखे असते. हिशेबांचेही तसेच : ३१ मार्चला वह्या मिटवून सहा महिन्यांच्या आत लेखापरीक्षण करायचे असते. सलग तीन वर्षांचे ऑडिट हातात नसेल तर बहुतेक दारे उघडतच नाहीत.

आयकराच्या बाजूने दोन नोंदण्या लागतात. १२ए मुळे संस्थेचे उत्पन्न करमुक्त राहते, तर ८०जी मुळे देणगीदाराला करात सवलत मिळते. २,००० रुपयांवरच्या रोख देणगीला ती सवलत नाही. २०२१ पासून या नोंदण्या कायमस्वरूपी राहिलेल्या नाहीत. नव्या संस्थेला आधी ३ वर्षांची तात्पुरती आणि मग ५ वर्षांची नोंदणी मिळते. ५ कोटींच्या आतल्या उत्पन्नाच्या संस्थांसाठी १२ए ची मुदत २०२५ मध्ये १० वर्षे करण्यात आली. आयकर अधिनियम, २०२५ मध्ये कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी लोकांच्या तोंडी १२ए आणि ८०जी हीच नावे रुळली आहेत. देणगीदारांचा तपशील दरवर्षी ३१ मेपर्यंत भरायचा असतो. तो भरला नाही तर देणगीदाराला प्रमाणपत्र मिळत नाही, आणि पुढच्या वर्षी तो बहुधा परत येत नाही. याखेरीज नीती आयोगाच्या ‘एनजीओ दर्पण’ संकेतस्थळावरचा क्रमांक आता जवळजवळ प्रत्येक अर्जात मागितला जातो.

शासकीय अनुदान

सर्वांत जुने व सर्वांत पसरलेले अनुदान सार्वजनिक ग्रंथालयांचे. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमाखाली अ, ब, क, ड असे वर्ग ठरतात. पुस्तके, वर्तमानपत्रे, वाचक सभासद, जागा, कर्मचारी यांवर वर्ग आणि वर्गावर रक्कम. कोलकात्याच्या राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाकडून (स्थापना १९७२) पुस्तके व कपाटांसाठी वेगळे साहाय्य मिळू शकते. खेड्यातल्या ड वर्गाच्या ग्रंथालयाला मिळणारी रक्कम इतकी तुटपुंजी असते, की ग्रंथपालाचे मानधन भागवल्यावर नवीन पुस्तकांना फारसे काही उरत नाही. तरीही असे ग्रंथालय चालते ते एखाद-दुसऱ्या माणसाच्या चिकाटीवर, हे नमूद केल्याशिवाय या विषयाची नोंद पुरी होत नाही.

विमुक्त जाती व भटक्या जमातींच्या मुलांसाठीच्या आश्रमशाळा राज्य शासनाच्या अनुदानावर संस्था चालवतात. सोलापुरात इंग्रजांच्या काळी गुन्हेगार ठरवलेल्या जमातींची मोठी वसाहत होती; ‘सेटलमेंट’ हे नाव शहरात अजून टिकून आहे. त्यामुळे या अनुदानाला इथे वेगळे वजन आहे. अपंगांचे पुनर्वसन, ज्येष्ठ नागरिकांची निवासस्थाने यांसाठी केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयाच्या योजना आहेत व त्यांचे अर्ज ‘ई-अनुदान’ संकेतस्थळावरून जातात. शेतीत उत्तर सोलापूर तालुक्यातल्या खेड येथील कृषी विज्ञान केंद्राचे उदाहरण बोलके आहे. ते शबरी कृषी प्रतिष्ठान ही स्वयंसेवी संस्था चालवते आणि पैसा भारतीय कृषी अनुसंधान परिषदेकडून येतो. दीर्घ मुदतीचा, पगारासह येणारा असा निधी संस्थांच्या वाट्याला क्वचितच येतो. नाबार्ड ही शेती व ग्रामविकासाची राष्ट्रीय बँक पाणलोट विकास, आदिवासी भागातल्या वाड्या (फळबागा) आणि बचत गटांचे प्रशिक्षण यांसाठी संस्थांना सोबत घेते.

आमदार व खासदार निधीबद्दल गैरसमज फार आहे. हा पैसा संस्थेच्या खात्यात जमा होत नाही. लोकप्रतिनिधी काम सुचवतो, जिल्हा प्रशासन ते मंजूर करते आणि शासकीय यंत्रणा ते उभे करते. सभागृह, वर्गखोली, व्यायामशाळा यांसाठी तो उपयोगी आहे. चालू कार्यक्रमाच्या खर्चासाठी नाही. जिल्हा परिषदेच्या स्वतःच्या उत्पन्नातून मागासवर्गीय, महिला व बालकल्याण आणि दिव्यांग यांच्यासाठी राखून ठेवलेला भागही योजनांच्या रूपाने लाभार्थ्यांपर्यंत जातो, संस्थांना अनुदान म्हणून नव्हे.

गट आणि गाव

बचत गटांचा पैसा निराळ्या नियमांनी चालतो. महिला आर्थिक विकास महामंडळ (माविम, स्थापना १९७५) आणि राज्याचे ग्रामीण जीवनोन्नतीचे ‘उमेद’ अभियान यांच्या मार्फत गट, ग्रामसंघ, प्रभागसंघ अशी उतरंड उभी राहिली. गटाला फिरता निधी मिळतो, आणि समुदाय गुंतवणूक निधी ग्रामसंघाच्या मार्फत गटांना कर्जाऊ जातो. ग्रामसंघाच्या दृष्टीने ते अनुदान, गटातल्या बाईच्या दृष्टीने मात्र फेडायची रक्कम. पंचसूत्री पाळणारा, म्हणजे आठवड्याची बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि नोंदी वेळच्या वेळी करणारा गटच यात टिकतो.

श्रमाच्या बदल्यात निधी आणण्याची वाटही इथल्या गावांनी दाखवली. पानी फाउंडेशनच्या वॉटर कप स्पर्धेत २०१९ साली बार्शी तालुक्यातले सुर्डी हे गाव राज्यात पहिले आले आणि ७५ लाखांचे बक्षीस मिळाले. या स्पर्धेत खोदकाम गावकऱ्यांनी करायचे आणि यंत्रांच्या इंधनासाठी वर्गणी जमवायची असे. स्वतःचा घाम व पैसा आधी ओतलेल्या गावाकडे बाहेरचा निधी वळतो, हा नियम इतर अर्जांनाही लागू पडतो.

कंपन्यांचा निधी

कंपनी अधिनियमाच्या कलम १३५ नुसार १ एप्रिल २०१४ पासून ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा यांपैकी एक निकष पुरा करणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करायची आहे. १ एप्रिल २०२१ पासून हा पैसा घेणाऱ्या संस्थेला सीएसआर-१ अर्ज भरून क्रमांक घ्यावा लागतो. १२ए, ८०जी आणि तीन वर्षांच्या कामाचा पूर्वानुभव या त्याच्या पायऱ्या आहेत.

कायदा कंपनीला तिच्या परिसराला अग्रक्रम द्यायला सांगतो आणि सोलापूरची अडचण इथेच सुरू होते. मोठ्या नफ्याच्या बहुतेक कंपन्यांची मुख्य कार्यालये मुंबई-पुण्यात आहेत. सोलापुरात एनटीपीसीचा १,३२० मेगावॅटचा वीजप्रकल्प आहे, पण त्याच्या निधीचा ओघ साहजिकच दक्षिण सोलापूर तालुक्यातल्या प्रकल्पाशेजारच्या गावांकडे आहे. प्रिसिजन कॅमशाफ्ट्स, बालाजी अमाइन्स अशा सोलापुरात वाढलेल्या कंपन्या स्थानिक संस्थांना जवळच्या आहेत. प्रिसिजन फाउंडेशनच्या ‘प्रिसिजन गप्पा’ या कार्यक्रमात सामाजिक संस्थांचा सन्मानही होतो. दुसरी गोष्ट नकाशाची. केंद्राच्या आकांक्षित जिल्ह्यांत, म्हणजे विकासात मागे म्हणून खास लक्ष देण्यासाठी निवडलेल्या जिल्ह्यांत, शेजारचा धाराशिव आहे, सोलापूर नाही. आकांक्षित जिल्हा शोधत आलेला निधी बार्शीवरून सरळ पुढे निघून जातो. हद्दीच्या अलीकडच्या गावांची कोरड मात्र पलीकडच्या गावांसारखीच असते. म्हणून सोलापूरच्या संस्थेने प्रस्तावात जिल्ह्याची सरासरी न मांडता तालुक्याची आणि गावाची आकडेवारी मांडणे केव्हाही शहाणपणाचे. मंगळवेढ्याच्या दक्षिण भागातली दुष्काळी गावे आणि उजनीच्या कालव्याखालचा ऊस यांची बेरीज करून काढलेली सरासरी दोघांबद्दलही काही सांगत नाही.

परदेशी निधी

परदेशी योगदान (विनियमन) अधिनियम, २०१० म्हणजे एफसीआरए. नोंदणीसाठी संस्था किमान ३ वर्षे जुनी हवी आणि त्या काळात मुख्य कामावर किमान १५ लाख रुपये खर्च झालेले हवेत. २०२० च्या दुरुस्तीने हा निधी फक्त स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यात घेण्याचे बंधन आले, प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० वरून २० टक्क्यांवर आली आणि एका संस्थेने दुसरीला हा पैसा देण्यास बंदी झाली. या शेवटच्या तरतुदीचा फटका छोट्या संस्थांना बसला, कारण त्यांच्यापर्यंत परदेशी पैसा शहरातल्या मोठ्या संस्थेच्या हातूनच पोचत असे.

परदेशी निधीतून काय उभे राहू शकते याचा दाखला बार्शीत आहे. तिथल्या नर्गिस दत्त स्मृती कर्करोग रुग्णालयाने टाटा स्मृती केंद्र व आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांच्यासह तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या ४९७ गावांत ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांवर गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीचा अभ्यास केला. निधी बिल व मेलिंडा गेट्स प्रतिष्ठानाचा होता. एकदाच केलेल्या एचपीव्ही (हा कर्करोग घडवणारा विषाणू) चाचणीने या रोगाचे मृत्यू जवळपास निम्म्याने घटतात, हा २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष जगभर वापरला गेला. हे रुग्णालय त्याआधी १९८७ पासून ग्रामीण भागाची कर्करोग नोंदवही ठेवत होते. एवढ्या मोठ्या कामासाठी तालुक्याच्या गावातल्या रुग्णालयाची निवड झाली, त्यात या वर्षानुवर्षांच्या नोंदींचा वाटा मोठा.

प्रस्ताव आणि हिशेब

प्रस्तावात गरज, लाभार्थी, कामाचे टप्पे, अंदाजपत्रक आणि बदल मोजण्याची पद्धत एवढे लागते. अर्ज बहुतेक इंग्रजीत असतात. सोलापूरच्या पूर्व भागात घरची बोली तेलुगू, अक्कलकोटकडे कन्नड, शहराच्या काही पेठांत उर्दू. पाहणी मराठी किंवा इंग्रजी छापील प्रश्नांवर उरकली तर उत्तरे अर्धवट येतात. वस्तीतलीच मुलगी प्रश्न विचारायला असेल तर विडी कारखान्यातल्या कापलेल्या मजुरीपासून खोकल्यापर्यंत सगळे बाहेर येते. चांगल्या प्रस्तावाचे बळ अशा पाहणीत असते.

अंदाजपत्रकात ओढाताण होते ती माणसांच्या पगारावर. पूर्व भागात विडी कामगारांच्या मुलांसाठी अभ्यासिका चालवायची असेल तर खोलीचे भाडे, वीजबिल, सतरंज्या, पुस्तके आणि रोज संध्याकाळी मुलांपुढे बसणाऱ्या ताईचे मानधन हे खर्च असतात. सतरंज्या व पुस्तके लगेच मंजूर होतात, कारण त्यांचा फोटो काढता येतो. कात्री ताईच्या मानधनाला लागते. ताई गेली की अभ्यासिका महिन्याभरात बंद पडते. निधी देणाऱ्यांनी हा खर्च ‘प्रशासकीय’ समजणे चुकीचे आहे. तेच मूळ काम आहे, आणि संस्थांनीही प्रस्तावात ते पहिल्या ओळीत ठामपणे लिहावे.

पैसा बहुधा हप्त्यांनी येतो. केंद्राच्या अनुदानासाठी पीएफएमएस या सरकारी निधीचा माग ठेवणाऱ्या संगणक प्रणालीवर नोंदणी आणि जीएफआर (केंद्राचे सामान्य वित्तीय नियम) १२-ए नमुन्यातले, पैसा ठरलेल्या कामावर खर्च झाल्याचे उपयोगिता प्रमाणपत्र लागते. ते आर्थिक वर्ष संपल्यापासून १२ महिन्यांत द्यायचे असते, आणि अनुदानाच्या रकमेवर मिळालेले व्याजही सरकारजमा करावे लागते. राज्याचा हप्ता लांबला की संस्था उधारीवर चालते : किराणा दुकानदार थांबतो, कर्मचारी थांबतात, विश्वस्त खिशातून घालतात. त्यासाठी प्रत्येक संस्थेपाशी किमान चार-सहा महिन्यांच्या खर्चाइतकी स्वतःची गंगाजळी असावी. ती कोणत्याही अनुदानातून उभी करता येत नाही. ती सभासदांच्या वर्गणीतून आणि गावातल्या लहान देणग्यांतूनच जमते.