माळावरची विरळ झाडी : मातीने केलेली वाटणी

इगतपुरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर येवल्याकडे तो पाचशेच्या आसपास उतरतो. पूर्व नाशिकचे माळ उघडे का, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच थांबते. पण एकाच शिवारात, त्याच पावसात टेकडीच्या अंगाला सालई-मोई, खोलगटात पळस आणि ओढ्याच्या काळीत (काळ्या चिकण जमिनीत) बाभूळ-हिवर का असतात, हे पावसावरून सांगता येत नाही.

खडक सगळीकडे बेसाल्टच. माथ्यावर त्याची झीज होऊन वीतभर मुरूम उरतो, बारीक चिकणमाती वाहून खाली साठते. मुरमात पाणी भेगांवाटे खोल उतरते. तिथवर सोटमूळ नेणारा अंजन मालेगाव-खानदेशाकडच्या कातळावरही उभा राहतो. काळी पावसाळ्यात फुगते, मुळांना हवा मिळत नाही. उन्हाळ्यात तडकते आणि बारीक मुळे तुटतात. बाभूळ हे सोसते. निचरा मागणाऱ्या सागाचा शेंडा मात्र अशा जमिनीत वाळत जातो.

माथ्यापासून पायथ्यापर्यंतची माती ही एकच साखळी आहे, ही मांडणी मृदाशास्त्रज्ञ जेफ्री मिल्न यांनी १९३५ मध्ये पूर्व आफ्रिकेतील अभ्यासातून केली. पुढच्याच वर्षी वनशास्त्रज्ञ चॅम्पियन यांचे भारतीय वनप्रकारांचे वर्गीकरण आले. १९६८ मध्ये सेठ यांच्यासह त्याची सुधारित आवृत्ती निघाली. त्यात सालई, बाभूळ, अंजन, पळस यांची वने जमिनीमुळे घडलेली म्हणून वेगळी काढली आहेत. मात्र गवताळ, विरळ झाडीचा सव्हाना 'अवनत अवस्था', म्हणजे मूळ जंगल खालावून उरलेले रूप, म्हणून नोंदला गेला. आमच्या मते घोळ तिथेच झाला. चराई, तोड आणि वणवा यांचा हात आहेच, पण म्हणून प्रत्येक माळ म्हणजे उजाड झालेले जंगल नव्हे. येवल्याकडच्या ममदापूरची काळवीटे या उघड्या गवतावरच जगतात.

'अवनत' म्हटले की लागवड ओघाने येते. चर खणताना कुसळी-पवन्या गवतांचे ठोंब उपटले जातात, खालचा मुरूम वर येतो, आणि गिरिपुष्पासारखे परके झाड दाटले की सावलीत गवत परतत नाही.

म्हणून रोपांची यादी करण्याआधी माथा, उतार आणि तळ अशा तिन्ही ठिकाणी दोन-दोन फुटी खड्डे घ्यावेत. खड्डा पाण्याने भरावा, ते पूर्ण जिरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशीही पाणी तुंबलेले दिसले तर तिथे साग, अंजन नकोत. तळाच्या मातीवर सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकून फेस आला तर चुनखडी आहे असे समजावे. हातभर खाली कातळ लागला आणि वर दाट गवत असेल, तर खड्डा बुजवून ती जागा गवतालाच ठेवावी.