पेटी आज न्या, मासे तीन आठवड्यांनी
लातूर परिसरातल्या आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

माशांची काचेची पेटी (ॲक्वेरियम) घेतली त्याच दिवशी आम्ही मासे देत नाही. लेकरं रुसतात. उदगीर-निलंग्याहून आलेली मोठी माणसंही म्हणतात, "इतक्या लांबून आलो, चार तरी द्या." त्यांना रिकाम्या पिशवीनं परत पाठवताना आम्हालाही बरं वाटत नाही. पण दुकान नवं होतं तेव्हा आम्ही त्याच दिवशी मासे देत होतो. आठ-दहा दिवसांनी तीच माणसं परत यायची आणि सांगायची, "पाणी तर काचेसारखं होतं, तरी सगळे मेले." मासे चांगले होते, माणसांनीही मनापासून जपलं होतं. चूक आमची होती, आम्ही घाई केली होती.

मासा खातो आणि घाण करतो. त्या घाणीतून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया तयार होतो. तो डोळ्याला दिसत नाही, पण माशाचे कल्ले भाजून काढतो. जुन्या पेटीतल्या खड्यांवर, फिल्टरच्या स्पंजवर, पानांवर जिवाणूंचा पातळ बुळबुळीत थर असतो. त्यातले काही जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, ते पण विषारीच. दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट थोडं साठलं तरी मासा सहन करतो आणि वनस्पती ते खत म्हणून खातात. नव्या पेटीत हे जिवाणू नसतात. आपोआप वसायला त्यांना चार ते सहा आठवडे लागतात.

म्हणून पेटीसोबत आम्ही आमच्या चालू पेटीतल्या स्पंजचा एक तुकडा ओल्या पिशवीत घालून देतो, त्याचे पैसे घेत नाही. घरी गेल्यावर तो तुमच्या फिल्टरजवळ ठेवा, वनस्पती लावा, फिल्टर दिवसरात्र चालू ठेवा आणि रिकाम्या पेटीतच रोज चिमूटभर खाद्य टाका. जिवाणूंना जेवण लागतं, ते या सडणाऱ्या खाद्यातून मिळतं. असं केलं की बहुतेक पेट्या तीन आठवड्यांच्या आसपास तयार होतात. मग स्वच्छ बाटलीत पाणी घेऊन या, आम्ही तुमच्यासमोर तपासून देतो. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य आले की मासे निवडा. तेही पहिल्या खेपेला पाच-सहाच.

आपलं पाणी

बोअरच्या पाण्यात डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, बादलीच्या कडेला पांढरा थर बसतो. हे घरातल्या बायकांना आमच्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. तो थर चुन्याचा. असं पाणी जड असतं आणि त्याचा पीएच (पाणी किती आंबट ते सांगणारा आकडा, तो जितका कमी तितकं पाणी आंबट) बहुधा साडेसात ते सव्वाआठच्या दरम्यान असतो. पुस्तकात वाचून कोणी पीएच उतरवायची औषधं मागायला येतं. आम्ही ती देत नाही. पाण्यातला चुना पीएच पुन्हा वर ओढतो आणि माशाला रोज खाली-वर सोसावं लागतं. पाणी आहे तसं ठेवा आणि त्याला मानवणारे मासे आणा.

असे मासे भरपूर आहेत. मोली, प्लॅटी, स्वोर्डटेल आणि गप्पी या चौघांना जड पाणी मानवतं, मोलीला तर फारच. ते अंडी न घालता थेट पिल्लं देतात. गप्पीची एक मादी साधारण महिन्याला वीस ते पन्नास पिल्लं देते, आणि नर जवळ नसला तरी साठवलेल्या बीजावर पुढचे काही महिने देत राहते. त्यामुळे छोटी पेटी असेल तर नुसते नर न्या, रंगही त्यांचेच जास्त खुलतात. झेब्रा डॅनिओ आणि रोझी बार्ब हे आपल्याच देशातल्या ओढ्या-नद्यांचे मासे, काटक आणि चपळ. निऑन टेट्रा मात्र ॲमेझॉन खोऱ्यातल्या मऊ, आंबटसर पाण्यातला. दुकानात तो सगळ्यांनाच आवडतो, पण बोअरच्या पाण्यावर पेटी चालवणाऱ्याला आम्ही तो देत नाही.

आता या पत्रकातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. पाण्यात अमोनिया दोन रूपांत असतो, त्यातलं एकच रूप जास्त विषारी. पीएच ७ वरून ८ वर गेला की त्याच अमोनियातला विषारी वाटा जवळपास दसपट होतो, आणि पाणी तापलं की आणखी वाढतो. म्हणजे मऊ पाण्याच्या गावात जी चूक मासा पचवून जाईल, ती लातूरच्या मे महिन्यात त्याचा जीव घेते. आपल्याकडे जास्त खाद्य टाकणं ही लहान चूक नाही. दिवसातून एकदा, दोन मिनिटांत संपेल एवढंच द्या, आठवड्यातून एक दिवस काहीच देऊ नका. मासा काचेला तोंड लावून मागतो म्हणजे भुकेला असतोच असं नाही, माणूस दिसलं की त्याला ती सवयच लागते. गावाला पाच-सहा दिवस जाणार असाल तर उपाशी ठेवून जा. शेजाऱ्यांकडे अख्खा डबा देऊन जाऊ नका. द्यायचंच असेल तर एकेका दिवसाची पुडी बांधून द्या आणि डबा कपाटात ठेवा.

नळाचं किंवा टँकरचं पाणी असेल तर त्यात क्लोरीन असू शकतं, ते कल्ले आणि जिवाणू दोघांनाही मारतं. उघड्या बादलीत एक रात्र एअर स्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) सोडून ठेवलं की साधं क्लोरीन उडून जातं, घाई असेल तर अँटी-क्लोरीनचे थेंब घाला. बोअरचं पाणीही एक रात्र असंच ठेवा. जमिनीतून वर येताना त्यात प्राणवायू कमी असतो आणि पीएच स्थिर व्हायला थोडा वेळ लागतो. गच्चीवरच्या काळ्या टाकीचं दुपारचं पाणी मात्र थेट पेटीत कधीही ओतू नका, ते हाताला चटका देतं.

बाष्पीभवनानं पाणी कमी झालं तर निव्वळ पाणीच उडतं, क्षार पेटीतच राहतात. वर बोअरचं पाणी ओतत गेलात तर महिनागणिक पाणी जड होत जातं. उडालेलं पाणी भरायला आरओचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी वापरा, बदलायच्या पाण्यासाठी नेहमीचं. अख्खी पेटी आरओच्या पाण्यानं भरू नका, त्यात माशाला लागणारे क्षारच नसतात.

पाणी वाया जातं का?

हा प्रश्न इथे विचारला जाणारच, आणि विचारायलाच हवा. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं. लोक घागरी घेऊन रांगेत असताना पेटी विकायला आमचं मन धजलं नाही, त्या उन्हाळ्यात एकही नवी पेटी आम्ही दिली नाही. जुन्या ग्राहकांच्या पेट्या मात्र जगवल्या. मासे कमी केले, वनस्पती वाढवल्या, खाद्य अर्धं केलं.

दोन फूट लांब, एक फूट रुंद आणि एक फूट उंच पेटीत काठोकाठ सुमारे ५६ लिटर पाणी बसतं. खडे आणि वरची मोकळी जागा सोडली तर पंचेचाळीसच्या आसपास. आठवड्याला दहा लिटर बदललं तरी पुरतं. हे दहा लिटर मोरीत ओतू नका. त्यात नायट्रेट असतं, तुळस, कढीपत्ता, गुलाब सगळ्यांना चालतं. कुंड्यांना तेवढं पाणी तुम्ही नाहीतरी घालणारच होता, ते पेटीतून फिरून जाईल इतकंच. पेटीत मीठ किंवा औषध घातलं असेल त्या आठवड्याचं पाणी मात्र झाडांना नको. फिल्टरचा स्पंज याच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळा. नळाखाली चोळून धुतला तर तीन आठवड्यांची कमाई मोरीत जाते.

वनस्पती

प्लास्टिकची झाडं आम्ही ठेवणं बंद केलं. जिवंत वनस्पती अमोनिया आणि नायट्रेट दोन्ही शोषते, पिल्लांना लपायला जागा देते, शेवाळाला उपाशी ठेवते. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर लागत नाही. वॅलिस्नेरिया, हायड्रिला आणि हॉर्नवर्ट यांना तर जड पाण्यातल्या बायकार्बोनेटमधूनही कार्बन घेता येतो. म्हणूनच चांगल्या उजेडात कधी कधी त्यांच्या पानांवर पांढरी पूड जमते. तो रोग नाही, बादलीवर बसतो तोच चुना.

ॲन्युबियास आणि जावा फर्नचं जाड आडवं खोड वाळूत पुरू नका, सडतं. दगडाला दोऱ्यानं बांधा. दगड आपल्या माळरानावरचा काळा चालतो, संगमरवर चालत नाही. दगडावर लिंबाचे थेंब टाकून पाहा, फसफसला तर तो पाण्यात चुना सोडणार. क्रिप्टोकोराइन लावल्यावर आठवडाभरात तिची पानं विरघळून जातात आणि लोक उपटून टाकतात. मुळं राहू द्या, नवी पानं येतात.

दिवा सहा ते आठ तास, त्याहून जास्त नको. खिडकीतल्या उन्हात पेटी ठेवली तर महिन्याभरात काच हिरवी होते.

तळ्यातून किंवा नाल्यातून वनस्पती आणायचा मोह होतो. आणू नका. कापूस-सोयाबीनवर फवारलेलं औषध पावसाबरोबर तिथेच उतरतं. शिवाय पानांना चिकटून चतुराची अळी येते, ती पिल्लं पकडून खाते. घरातल्या फवारणीबद्दलही हेच सांगणं आहे. झुरळांचं औषध मारताना किंवा भिंतीला रंग देताना एअर पंप बंद करा आणि पेटीवर ओली चादर टाका. पंप खोलीतली हवाच पाण्यात ढकलतो. काम संपलं की खिडक्या उघडून हवा खेळू द्या आणि मग पंप लगेच सुरू करा.

उन्हाळा, वीज आणि थंडी

२० अंशांच्या पाण्यात लिटरमागे फार तर ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३४ अंशांना फार तर ७. गरम पाण्यात माशाची भूक आणि श्वास दोन्ही वाढतात आणि प्राणवायू मात्र कमी होतो. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले तर तो खेळ नाही. पेटीचं झाकण काढून जाळी ठेवा आणि पाण्याच्या पृष्ठभागावर छोटा पंखा लावा. माठातलं पाणी ज्या कारणानं गार होतं, त्याच कारणानं पेटीही दोन-तीन अंश उतरते, आणि आपली एप्रिल-मेची हवा कोरडी असल्यानं हा उपाय इथे चांगला लागू पडतो. बर्फ थेट टाकू नका.

वीज गेली तर खाद्य बंद. बॅटरीवर चालणारा छोटा एअर पंप घरात असू द्या. नसेल तर तांब्यानं पाणी उचलून थोड्या उंचावरून परत ओता, दर अर्ध्या तासाला पाच-दहा वेळा. फिल्टर बरेच तास बंद राहिला असेल तर सुरू करण्याआधी त्यात साचलेलं पाणी फेकून द्या.

डिसेंबर-जानेवारीत मराठवाड्यात पारा कधी कधी दहा अंशांच्या खाली येतो. दोन फुटी पेटीला ५० वॉटचा हीटर पुरतो. पाणी बदलताना तो आधी बंद करा, नाहीतर कोरड्यावर तापून फुटतो. अंगावर मिठासारखे पांढरे ठिपके याच दिवसांत येतात. दिसल्यावर तीन औषधं एकदम घालू नका, फोटो काढून दुकानात दाखवा.

जे आम्ही विकत नाही

गोल काचेचं भांडं नाही, कितीही मागितलं तरी. गोल्डफिश वीतभर वाढतो आणि नीट ठेवला तर दहा वर्षांहून जास्त जगतो, भांड्यात त्याला सरळ पोहताही येत नाही. 'काच साफ करणारा' म्हणून सकर मासाही नाही. बोटाएवढा दिसणारा तो सकर फूटभर, कधी दीड फूट होतो. मग कोणीतरी तो विहिरीत किंवा धरणात सोडून देतं. देशातल्या अनेक नद्यांत आणि तलावांत तो असाच शिरला आणि आता मच्छीमारांची जाळी फाडतो. गप्पीसुद्धा मूळचा दक्षिण अमेरिकेचा, डासांच्या अळ्या खाण्यासाठी १९०८ मध्ये भारतात आणलेला. घरच्या हौदात सोडायला पिल्लं हवी असतील तर घेऊन जा, पण मांजरा नदीत किंवा तळ्यात सोडू नका, तिथल्या मूळ माशांच्या पिल्लांचा घास तो काढून घेतो.

मासे वाढले, बदली झाली, परीक्षेमुळे वेळ मिळेना, कारण काहीही असो, मासे आमच्याकडे परत आणा. किंमत परत मिळणार नाही, पण जागा मिळेल. येताना पिशवी दुचाकीच्या डिकीत ठेवू नका, ओल्या टॉवेलात गुंडाळून मांडीवर धरा. आणि सोबत एका बाटलीत तुमच्या पेटीतलं पाणी आणा, म्हणजे आमच्या पाण्यात त्यांना हळूहळू कसं सोडायचं ते आम्हाला ठरवता येईल.