मानान्सालाच्या जीपनी आणि पिकासोचा घनवाद: फोडणं वेगळं, रचणं वेगळं

चित्रात त्रिकोणी-चौकोनी पैलू दिसले की ‘पिकासोची नक्कल’ म्हणून मोकळं व्हायचं, ही जुनी खोड. व्हिसेंते मानान्साला या फिलिपिनो चित्रकाराचं ‘जीपनीज’ (१९५१) हे जीपनी नावाच्या प्रवासी गाड्यांचं चित्र दाखवलं की हमखास तेच ऐकू येतं. वर कुणीतरी ‘फिलिपिन्सचा पिकासो’ अशी पदवीही बहाल करतं. मला त्या पदवीचा मनस्वी वीट आलाय.

पिकासो आणि त्याचा सोबती चित्रकार ब्राक यांचा घनवाद (क्युबिझम) तुम्हाला ठाऊकच आहे: १९१० च्या आसपासचं पॅरिस, करडे-तपकिरी रंग, एकच व्हायोलिन चार बाजूंनी एकाच कॅनव्हासवर. मानान्सालाही १९५० मध्ये पॅरिसला शिकून आला होता, म्हणजे त्याला हे सगळं माहीत होतं. रंग आणि काळ यांचा फरक कुणालाही दिसतो, तो सोडा.

खरी गोम पुढे आहे. पिकासो वस्तू फोडतो. कानवायलर या चित्रविक्रेत्याच्या त्याने १९१० मध्ये केलेल्या व्यक्तिचित्रात माणूस अक्षरशः शोधावा लागतो. खाली गुंफलेले हात सापडले की हायसं वाटतं. मानान्साला फोडत नाही, एकावर एक ठेवतो. आकाशकंदील करताना निळ्या जिलेटीनवर पिवळा सरकला की मधे हिरवा पट्टा उमटतो, पण दोन्ही कागदांच्या कडा शाबूत राहतात ना? तसंच. पुढच्या आकारातून मागचा दिसतो आणि तरी गाडी गाडीच राहते, माणूस माणूसच. याला ‘पारदर्शक घनवाद’ म्हणतात, आणि यातला ‘पारदर्शक’ हा शब्दच लोक गाळतात.

जीपनीला ही रीत चपखल बसते. महायुद्धानंतर अमेरिकी सैन्याने मागे टाकलेल्या जीप लांबवून, टप चढवून, आत समोरासमोर बाकडी टाकून झालेली ही मनिलाची वडाप. चढायचं मागून. ‘बायाद पो’ (‘हे भाडं घ्या’) म्हणत भाडं शेजाऱ्याच्या हातात द्यायचं, ते हातोहात ड्रायव्हरपर्यंत पोचतं. गुडघ्याला गुडघा, खांद्याला खांदा. अशा ठिकाणी माणसाला चार बाजूंनी बघायची सोय कुठली? एकाच्या आडून दुसरा, त्याच्या आडून तिसरा, एवढंच दिसतं.

काही जण रहदारी पाहून याला ‘फ्युचरिझम’, म्हणजे वेग आणि यंत्रं रंगवणारी इटालियन चळवळ, म्हणतात. ते तर साफ चूक. वेगाने झपाटलेल्या त्या इटालियन मंडळींना ही कोंडी पाच मिनिटं सोसवली नसती.

अजून शंका असेल तर एखाद्या आकाराच्या कडेवरून बोट फिरवून बघा. पिकासोकडे कड मधेच तुटते आणि बोट भलत्याच पैलूवर जाऊन पडतं. मानान्सालाकडे ती दुसऱ्या रंगात शिरते, छटा बदलते, आणि पलीकडून तीच कड बाहेर येते.