गवंड्याचा ओळंबा आणि आपली पाठ

आमच्या चाळीची दुरुस्ती चालली होती तेव्हा गवंडी भिंतीशी दोरा सोडायचा आणि एक डोळा मिटून बघत राहायचा. परवा दादरला एका कायरोप्रॅक्टरच्या, म्हणजे हाताने मणके-सांध्यांवर उपचार करणाऱ्याच्या, दवाखान्यात तोच ओळंबा छताला टांगलेला दिसला. मागे भिंतीवर चौकटींचा तक्ता, पुढे दोरा, मधे अनवाणी मी.

बाजूने बघताना दोरा घोट्याच्या किंचित पुढे येईल असं माणसाला उभं करतात. शरीराची ठेवण पुस्तकातल्यासारखी असेल, तर तोच दोरा गुडघ्याच्या मध्याच्या जरा पुढून, खुब्यावरून, खांद्याच्या टोकावरून थेट कानाच्या पाळीपर्यंत जातो. माझा कान दोऱ्याच्या चांगलाच पुढे निघाला. रोज बोरिवली ते चर्चगेट मोबाइलमध्ये मान घालून जाणाऱ्याचं दुसरं काय होणार! डोकं साडेचार-पाच किलोचं असतं. ते पुढे झुकलं की मानेमागच्या स्नायूंना सतत ओढून धरावं लागतं.

कायरोप्रॅक्टिक 1895 साली अमेरिकेत डी. डी. पामर यांनी सुरू केलं. ओळंबा त्याच्या हजारो वर्षं आधीचा, आणि मोजमापाची आजची बरीच साधनं त्याच्याच गोतावळ्यातली. स्कोलिओमीटर म्हणजे तर चक्क पाणसळ: वाकड्या नळीत एक गोळी. कमरेतून वाकलेल्या माणसाच्या पाठीवर ती आडवी ठेवायची. एक बाजू उचललेली असली की गोळी सरकते. आकडा 5 ते 7 अंशांच्या वर गेला, तर पुढची तपासणी सुचवतात. मग एक्स-रेवर कण्याच्या बाकाचा कोन मोजायचा. ही रीत जॉन कॉब यांनी 1948 मध्ये मांडली, आणि तो कोन किमान 10 अंश भरला तरच त्याला स्कोलिओसिस, म्हणजे कणा बाजूला वाकण्याचा विकार, म्हणतात. गंमत अशी, की एकच फिल्म दोघांनी मोजली तर 5 अंशांपर्यंत फरक सहज पडतो.

हल्ली फोटो काढून ॲपच सगळं सांगतं. सांध्यांच्या जागा ते चित्रातून हुडकतं आणि रेघा मारतं. पण फोनच तिरका धरला असेल तर? समजा, खांद्यांच्या टोकांमध्ये 40 सेंटिमीटर अंतर आहे. फोन फक्त 2 अंश कलला, तरी सरळ माणसाचा एक खांदा जवळजवळ 1.4 सेंटिमीटर खाली दिसेल. म्हणून फोनमधल्या त्वरणमापकाला, म्हणजे फोनचा कल ओळखणाऱ्या सेन्सरला, आधी गुरुत्वाकर्षणाची दिशा विचारावी लागते. म्हणजे आत बसलेला इवलासा ओळंबाच तो.

त्यातून माणूस काही भिंत नाही. स्थिर उभं राहिलो असं वाटलं तरी आपण सतत बारीक झुलत असतो. दिवसभरात मणक्यांमधल्या चकत्यांतलं पाणी दबून थोडं बाहेर पडतं आणि संध्याकाळी उंची सेंटिमीटरभर घटते. त्यामुळे आधीचं आणि नंतरचं माप शेजारी ठेवून सुधारणा दाखवणारा कागद हातात आला, की मी तरी आधी विचारतो: दोन्ही वेळा तीच वेळ, तीच जागा, तोच मोजणारा होता का? आणि फरक यंत्राच्या चुकीपेक्षा मोठा आहे का? कोनावरून दुखणं कळतं असंही नाही. मान पुढे असलेले कित्येक जण ठणठणीत असतात, आणि ताठ उभे राहणारेही कण्हतात.

माझा उजवा खांदा पहिल्या खेपेला 1 सेंटिमीटर खाली भरला. दहा मिनिटांनी पुन्हा मोजला तर निम्माच. मधल्या वेळात मी फक्त लॅपटॉपची बॅग खाली ठेवून चहा घेतला होता.