पॉइंटर छापताना उणे आकडा का येतो? %डी, %यू आणि %पी यांची पार्श्वभूमी

सी ही प्रोग्रामिंगची भाषा शिकवायला लागल्यापासून लातूरकडच्या लॅबमध्ये हा प्रश्न दर वर्षी ऐकतो. ‘सर, जुन्या पुस्तकात पत्ता ६५५२४ छापलाय. माझ्याकडं मायनसमध्ये येतोय, अन् दर रनला वेगळाच!’ लेकराचा दोष नाही. पॉइंटर म्हणजे मेमरीतल्या जागेचा पत्ता ठेवणारा व्हेरिएबल. छापताना %डी त्याला अधिक-उणे चिन्हाचा पूर्णांक समजतो, %यू बिनचिन्हाचा, आणि %पी पत्ता म्हणूनच छापतो. %डी लावून पत्ता छापायची सवय पिढ्यांची आहे.

मार्टिन रिचर्ड्स यांची बीसीपीएल (१९६७) आणि तिच्यावरून केन थॉम्पसन यांनी बेल लॅब्जमध्ये केलेली बी, या दोन्ही भाषांत टाइप, म्हणजे डेटाचा प्रकार, ही भानगडच नव्हती. मेमरीतला एक वर्ड (ठरावीक बिटांचा गट) बेरजेत घेतला तर आकडा, त्याच्यावरून दुसरीकडं गेलात तर पत्ता. पुढं पीडीपी-११ हा संगणक आला. तिथं प्रत्येक बाइटला स्वतंत्र पत्ता, म्हणून कॅरेक्टर कुठला नि पूर्णांक कुठला हे भाषेला सांगणं भाग पडलं. डेनिस रिची यांनी टाइप आणले आणि १९७२ च्या आसपास सी उभी राहिली. पण त्या मशीनवर इंट, म्हणजे पूर्णांकाचा टाइप, १६ बिटांचा आणि पॉइंटरही १६ बिटांचाच, त्यामुळं पत्ता आकडा म्हणून छापला तरी निभायचं.

%पी आणि व्हॉइड पॉइंटर (कुठल्याही प्रकारच्या डेटाचा पत्ता ठेवणारा) अधिकृत झाले ते १९८९ च्या आन्सी प्रमाणात, म्हणजे सीच्या अमेरिकी मानकात. तोवर हात बसलेले होते.

आपल्याकडं तर टर्बो सी या जुन्या कंपायलरच्या निळ्या स्क्रीनने ही सवय आणखी लांबवली. त्याच्या स्मॉल मॉडेलमध्ये (छोट्या प्रोग्रामसाठीची मेमरीची मांडणी) इंट दोन बाइट, पॉइंटर दोन बाइट. एकच पत्ता %यूने ६५५२४ दिसतो आणि %डीने -१२, कारण ६५५३६ वजा १२ म्हणजेच ६५५२४. बिट तेच, वाचणारा वेगळा.

आजच्या ६४ बिटांच्या लिनक्सवर इंट चार बाइटांचा, पॉइंटर आठ बाइटांचा. %डी त्यातला निम्माच पत्ता उचलतो. गट नंबर ११४५ असताना तलाठ्याकडं ४५ चा सातबारा मागितल्यासारखं! दर रनला पत्ता बदलतो तो मात्र बिघाड नव्हे. घुसखोराला जागेचा अंदाज येऊ नये म्हणून ऑपरेटिंग सिस्टिमच स्टॅक मुद्दाम हलवते.

म्हणून %पी, आणि पॉइंटर व्हॉइड पॉइंटरमध्ये कास्ट करून, म्हणजे त्याचा टाइप बदलून. तो कसा दिसावा हे प्रमाणाने कंपायलर आणि लायब्ररीवर सोडलंय. लिनक्सवर सहसा शून्य-एक्सने सुरू होणारा हेक्स (सोळाच्या पायाचा) आकडा येतो आणि नल पॉइंटरला, म्हणजे कुठंच न दाखवणाऱ्या पॉइंटरला, कंसात ‘निल’. ते पाहून पुन्हा एक हात वर होतोच.