आपली औषधं मुठेत पोचतात हे कळलं कधी आणि कसं

आजेसासूबाई गेल्यानंतर त्यांचा औषधांचा डबा आवरायला घेतला. बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा, त्यात शुगरच्या गोळ्या, बीपीच्या गोळ्या, पाच दिवसांचा कोर्स तिसऱ्या दिवशी सोडून दिलेलं अँटिबायोटिक, गुडघ्याला लावायची डायक्लोफेनॅकची ट्यूब पिळून पिळून पार चपटी झालेली, आणि तळाला खोकल्याची बाटली, झाकण साखरेने असं धरलेलं की फिरता फिरेना. जाऊबाई सहज म्हणाल्या, "अगं संडासात ओत आणि पाणी सोड, कशाला एवढा विचार करतेस." मला करवेना. आमचं घर पुण्यात नारायण पेठेत, मुठा नदीवरचा भिडे पूल चालत पाच मिनिटांवर, फ्लश केलेलं कुठे जातं ते रोज डोळ्यांना दिसतं आणि नाकाला कळतं. मग यावर वाचत गेले, आणि सगळ्यात जास्त चटका कशाचा बसला तर हे सगळं जगाला जवळपास ५० वर्षं माहीत आहे याचा.

सुरुवात फेसापासून करते. आळंदीला इंद्रायणीवर पांढरा फेस तरंगतो त्याचे फोटो वारीच्या दिवसांत सगळ्यांच्या फोनवर फिरतात. तसाच फेस १९५० च्या दशकात इंग्लंड, जर्मनी, अमेरिकेतल्या नद्यांवर यायचा, कारण तेव्हाच्या डिटर्जंटमधलं मुख्य रसायन जिवाणूंना नीट पचतच नव्हतं. फेस लोकांना दिसत होता म्हणून ओरड झाली, जर्मनीने १९६१ मध्ये कायदा केला, अमेरिकेतल्या कंपन्यांनी १९६५ मध्ये रसायन बदललं आणि तिकडचा फेस बराच ओसरला. आता आपल्याकडेही डिटर्जंटमध्ये पचणारंच रसायन असतं, पण ते पचायला पाणी आधी सांडपाणी शुद्धीकरणाच्या प्लांटमधून जावं लागतं ना, ते नाल्यातून तसंच नदीत उतरलं की फेस येणारच.

औषधाला ना रंग, ना वास, ना फेस. त्यामुळे ते मुद्दाम शोधावं लागलं. १९७७ साली अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत सांडपाणी शुद्धीकरण केंद्रातून बाहेर पडणाऱ्या पाण्यात दोन गोष्टी सापडल्याची नोंद छापून आली, ॲस्पिरिन तुटून होणारं सॅलिसिलिक ॲसिड आणि कोलेस्टेरॉलच्या एका औषधापासून होणारं क्लोफिब्रिक ॲसिड, आणि तेही दिवसाला किलोच्या हिशेबात. फारसं कुणी मनावर घेतलं नाही. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये भूजलात तणनाशकं शोधत असताना तेच क्लोफिब्रिक ॲसिड हाती लागलं आणि नंतर तिथल्या नळाच्या पाण्यातही दिसलं. १९९८ मध्ये जर्मनीतल्या सांडपाण्यात आणि नद्यांत डझनावारी औषधं मोजली गेली आणि १९९९ मध्ये औषधं, साबण, शाम्पू, परफ्यूम, सनस्क्रीन या सगळ्यांना मिळून एक प्रदूषणाचा वेगळा गट मानायला सुरुवात झाली. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षणाने ३० राज्यांतल्या १३९ ओढे-नद्यांत ९५ रसायनं आहेत का ते तपासलं, २००२ मध्ये ते छापून आलं, तर ८० टक्के ठिकाणी काही ना काही सापडलंच.

"एवढ्याशा प्रमाणाने काय होतंय" हा प्रश्न मलाही पडला होता. त्याचं उत्तर माशांनी दिलं. इंग्लंडमध्ये सांडपाण्याच्या केंद्रांखाली नर माशांच्या अंगात अंड्यातल्या बलकाचं प्रथिन तयार होताना दिसलं, काहींच्या वृषणात चक्क अंडी होती. त्यामागे माणसांच्या लघवीतून येणारे स्त्री-हार्मोन्स आणि गर्भनिरोधक गोळीतलं कृत्रिम हार्मोन असल्याचं पुढे आलं. मग कॅनडातल्या शास्त्रज्ञांनी २००१ ते २००३ अशी तीन वर्षं प्रयोगासाठी राखलेल्या एका तळ्यात तेच हार्मोन लिटरला ५-६ नॅनोग्रॅम एवढंच सोडलं, आणि तिथले फॅटहेड मिनो नावाचे छोटे मासे जवळपास संपले. ५-६ नॅनोग्रॅम म्हणजे किती हे डोक्यात बसेना म्हणून हिशेब मांडला. खडकवासला धरण भरलं की साधारण २ टीएमसी पाणी. त्या अख्ख्या धरणाला लिटरमागे ५-६ नॅनोग्रॅम करायला लागतील फार तर ३०० ते ३५० ग्रॅम. वाण्याकडून आणलेल्या अर्धा किलोच्या साखरेच्या पुडीपेक्षाही कमी!

आपल्याकडे धक्का आधी गिधाडांनी दिला. पाण्यातून नाही, मेलेल्या जनावरांच्या मांसातून, पण रसायन आजींच्या ट्यूबमधलंच, डायक्लोफेनॅक. २००४ मध्ये गिधाडं त्यानेच मरतात हे सिद्ध झालं, २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली, तोवर देशातली पांढऱ्या पाठीची गिधाडं ९९ टक्क्यांहून जास्त गेलेली होती. आणि २००७ मध्ये हैदराबादजवळच्या पाटनचेरूची बातमी जगभर गाजली. तिथे सुमारे ९० औषध कारखान्यांचं सांडपाणी घेणाऱ्या केंद्रातून 'शुद्ध' होऊन बाहेर पडणाऱ्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक लिटरला ३१ मिलिग्रॅमपर्यंत होतं. गोळी घेतलेल्या पेशंटच्या रक्तातसुद्धा एवढं नसतं.

आता पुणे. अँटिबायोटिकशी आपलं नातं जुनं आणि अभिमानाचं आहे, १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स उभी राहिली आणि देशात पेनिसिलिन बनायला लागलं, त्याने किती जीव वाचले असतील याची मोजदाद नाही. म्हणूनच २०१७ चा अभ्यास वाचताना पोटात कालवलं. मुठेच्या तळातला गाळ शहराच्या वर आणि शहरात असा दोन्हीकडून घेऊन तपासला, तर अँटिबायोटिकला दाद न देण्याचे जीन्स शहरातल्या गाळात ३० पट जास्त निघाले. एकूण १७५ प्रकारचे, आणि त्यात शेवटचा उपाय म्हणून आयसीयूत देतात त्या कार्बापेनेम औषधांना हरवणारे एनडीएमसारखे जीन्ससुद्धा होते. हे कारखान्यांचं पाणी नव्हे हो, हे शहराचं, आपल्या घरांचं आणि दवाखान्यांचं सांडपाणी, अर्धवट शुद्ध केलेलं किंवा तसंच सोडलेलं.

एक गोष्ट मला खूप उशिरा कळली ती सांगते. डबा संडासात ओतणं हा या गोष्टीतला छोटा भाग आहे. शुगरची मेटफॉर्मिन शरीर जवळजवळ तशीच्या तशी लघवीतून बाहेर टाकतं, म्हणजे आजींनी नियमाने घेतलेल्या सगळ्या गोळ्या आधीच मुठेला मिळाल्यात. २०२२ मध्ये १०४ देशांतल्या २५८ नद्या तपासल्या तेव्हा सगळ्यात जास्त ठिकाणी सापडलेल्यांत मेटफॉर्मिन, कॅफिन आणि फिट्सवरचं कार्बामाझेपिन होतं. म्हणून गोळ्या बंद करा असं कुणी म्हणूच नये, प्रश्न त्यानंतरच्या पाण्याचा आहे.

आणि आपले एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्धीकरणाचे प्लांट, मुळात मैला कुजवायला बांधलेले. जिवाणू मैला खातात, बीओडी, म्हणजे मैला पाण्यातला किती ऑक्सिजन खाईल याचं माप, खाली येतो, की पाणी पास. कार्बामाझेपिनसारखं औषध त्यातून जवळपास तसंच निघून जातं, त्याला ओझोन किंवा ॲक्टिव्हेटेड कार्बनचा आणखी एक टप्पा लागतो. जायका या जपानी संस्थेच्या मदतीच्या योजनेत पुण्याला ११ नवे प्लांट, मिळून दिवसाला ३९६ दशलक्ष लिटरचे, ते हवेतच, मैलापाणी तसंच सोडण्यापेक्षा कितीतरी बरं, पण औषधांचा प्रश्न त्याने सुटतो असं समजू नका. मुळा-मुठा पुढे भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, उजनीचं पाणी सोलापूर पितं, आणि तीच भीमा पंढरपुरात चंद्रभागा होते.

कायद्याचं म्हणाल तर अमेरिकेने २०१६ मध्ये हात धुण्याच्या साबणांतून ट्रायक्लोसान हे जंतुनाशक काढायला लावलं. युरोपने २०२४ मध्ये ठरवलं की मोठ्या प्लांटमधल्या त्या जादा टप्प्याचा किमान ८० टक्के खर्च औषध आणि कॉस्मेटिक्सच्या कंपन्यांनी द्यायचा. आपल्याकडे जानेवारी २०२० च्या मसुद्यात औषध कारखान्यांच्या सांडपाण्यातल्या अँटिबायोटिकला मर्यादा घातली होती, २०२१ च्या अंतिम नियमांत ती गायब झाली, आणि याचा मला खरंच राग येतो. उरलेल्या औषधांबाबत २०२५ मध्ये केंद्र सरकारने मार्गदर्शन काढलं, त्यात फ्लश करायला सांगितलेली औषधं फक्त १७, मॉर्फिन, ट्रॅमाडॉलसारखी, घरात कुणाच्या हाती लागली तर जीव जाऊ शकतो अशी. बाकीची परत गोळा करायची. केरळने त्याच वर्षी कोझिकोडमध्ये उरलेली औषधं गोळा करायला सुरुवातही केली.

आमच्या गल्लीच्या तोंडाशी मेडिकल आहे. विचारून आले, ते न फोडलेल्या स्ट्रिप्स बिल असेल तरच परत घेतात, बाकीच्यांचं त्यांच्याकडेही काही नाही. क्षेत्रीय कार्यालयात अर्ज दिलाय, पेठेतल्या प्रत्येक मेडिकलबाहेर कुलूपबंद पेटी ठेवा आणि महिन्यातून एकदा रिकामी करून नीट जाळायला पाठवा म्हणून. जाऊबाईंनीही सही केली आहे, अजून बारा घरांच्या सह्या आहेत. डबा माळ्यावर आहे.